टोस्टला बटर कोणी लावायचं

मी ऑस्ट्रेलियात अपंग माणसांना रोजच्या कामांत मदत करायची नोकरी करते. मागच्या मंगळवारी माझ्या एका क्लायंटने लेटर बोर्डवर, म्हणजे अक्षरं लिहिलेल्या पाटीवर, एकेका अक्षरावर बोट ठेवत मला दोन शब्द सांगितले, माय जॉब. चार दिवस तेच डोक्यात आहे, म्हणून लिहायला बसले.

त्यांचं नाव लिहिता येणार नाही, कामाचा नियम आहे, मनातल्या मनात मी त्यांना काकाच म्हणते. पन्नाशी उलटलेली, सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या दोषामुळे हातपाय नीट ताब्यात राहत नाहीत), बोलता येत नाही पण समजतं सगळं. रोज सकाळी ते स्वतःच्या टोस्टला स्वतः बटर लावतात. जाड दांड्याची सुरी आहे त्यांची, ती मुठीत नीट बसवायलाच दोन मिनिटं जातात, मग सुरी बटरमध्ये रुतते, हात उडतो, बटर टेबलावर, परत सुरुवात. एका टोस्टला पंधरा मिनिटं. तोवर टोस्ट गार झालेला असतो आणि बटरचे गोळे तसेच राहतात. मंगळवारी त्यांची टॅक्सी यायची वेळ झाली होती, मला राहवलं नाही, मी त्यांच्या हातातून सुरी घेतली आणि दहा सेकंदात झकास टोस्ट करून पुढ्यात ठेवला. त्यांनी प्लेट सरकवली आणि बोर्ड मागितला. तसेच उपाशी गेले डे प्रोग्रामला, दिवसभराच्या उपक्रमांना.

खरं सांगते, मला आधी रागच आला. आपण कुणाला भरवतो, ताट वाढून हातात देतो, तीच आपली माया ना? टीम लीडरशी बोलले तर ती रागावली नाही, पण म्हणाली तू सुरी घेतलीस तेव्हा त्यांना विचारलंस का. नव्हतं विचारलं. या कामाचा सर्टिफिकेट थ्री कोर्स करताना, १२० तासांच्या प्लेसमेंटमध्ये, म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या सरावात, हेच तर शिकले होते, याला ॲक्टिव्ह सपोर्ट म्हणतात, माणसाचं काम आपण करायचं नाही, त्याला करता येईल अशी मदत करायची. पेपरात लिहून पास झाले. हात मात्र अजून आपल्या घरातल्यासारखेच पुढे जातात.

मी एम.कॉम., सांगलीत सहा वर्षं बँकेत होते, हे सगळ्यांना माहितीच आहे कारण गावाकडून फोन आला की तेच निघतं, एवढं शिकून तिकडे जाऊन लोकांचं शी-शू काढतेस. हो काढते. होइस्टच्या यंत्राने माणूस उचलताना स्लिंगचा, म्हणजे झोळीचा, एक पट्टा चुकीच्या हुकात गेला तर काय होईल ते मला माहितीये, फिट आली की घड्याळ कधी बघायचं, घास कसा द्यायचा म्हणजे ठसका लागणार नाही, तेही माहितीये. बँकेत माझ्यावाचून कुणाचं अडलं नव्हतं. इथे शनिवारी दीडपट आणि रविवारी दुप्पट पगार मिळतो तोही सांगून टाकते, कारण ते ऐकलं की फोनवरचा आवाज बदलतो.

इथलं सगळं चांगलंच आहे असंही नाही. एनडीआयएस ही अपंगांसाठीची सरकारी योजना २०१३ साली सुरू झाली, पैसा माणसाच्या नावाने येतो, कुणाकडून मदत घ्यायची ते तो ठरवतो, मला याचं मनापासून कौतुक आहे. पण ती नागरिक आणि पीआरवाल्यांसाठी, म्हणजे कायम राहायचा परवाना असलेल्यांसाठी. आम्ही टेम्पररी व्हिसावर होतो तेव्हा मी दुसऱ्यांच्या अपंग मुलांना आंघोळी घालत होते आणि माझं स्वतःचं मूल तसं असतं तर सरकारला पडणाऱ्या खर्चाचं कारण देऊन आमची पीआरच अडू शकली असती. हे मला अजून बोचतं. आणि इथल्या लोकांनी तरी पूर्वी काय केलं होतं, मेलबर्नमध्येच क्यू भागात १८८७ साली सुरू झालेली अपंगांना ठेवायची मोठी संस्था होती, तिथे पिढ्यान् पिढ्या माणसं ठेवली, १९९६ साली तिथल्या आगीत नऊ जण गेले, बंद व्हायला २००८ उजाडलं. काकांचंही लहानपण अशाच एका संस्थेत गेलं, तिथे सगळ्यांना एकाच वेळी, एकच, पातळ केलेलं जेवण. टोस्टचा हट्ट तिथून आला असेल.

आमच्या बेबीआत्याला आम्ही कुठे टाकलं नाही. लहानपणी तापात मेंदूला इजा झाली, उजवा हात गेला, बोलणं अडखळतं, पण पासष्टीची झाली तरी आजही घरात पहिला चहा तिला, दोन चमचे साखर घालून, आई स्वतः नेऊन देते. याचा मला अभिमान होता आणि आहे. पण गॅसजवळ तिला कधी जाऊ दिलं नाही, साडीसुद्धा कुठली नेसायची ते आई काढून ठेवते. अपंगत्वाचा दाखला काढायला गेलो तेव्हा टेबलापलीकडचा माणूस तिच्यासमोर बाबांना विचारत होता, हिला कळतं का काही? बाबा म्हणाले, थोडंफार. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. अपंगांच्या हक्कांचा २०१६ चा आपला कायदाही निर्णय ज्याचा त्याने घ्यावा असंच म्हणतो, मी तो इथे येऊन वाचला.

काल आईला व्हिडिओ कॉल केला, तिकडे चहाची वेळ होती. म्हटलं, आई, आत्याला विचार ना चहा कसा हवा. आई म्हणाली, अगं त्यात काय विचारायचं, चाळीस वर्षं मीच देतेय. तरी विचार म्हटलं. तिने फोन आत्यासमोर धरला. मीच विचारलं आणि गप्प बसले, काकांसमोर बसते तशी. बराच वेळ गेला, आई मधे बोलायला लागली तिला मी थांबवलं.

आत्या म्हणाली, "साखर नको."