कनौजच्या अत्तरभट्ट्या: कधी जावं, काय बघावं, काय विचारावं

उत्तर प्रदेशातल्या कनौजला जायचं असेल तर रेल्वेचं तिकीट काढण्याआधी तिथल्या एखाद्या अत्तराच्या कारखान्यात फोन करून एवढंच विचारा: गुलाब सुरू झाला का, आणि अजून किती दिवस चालेल? नुसती सुट्टी बघून जाणाऱ्याला कनौज अर्धंच दिसतं. इथलं सगळं फुलावर चालतं आणि फूल हवेवर. चैती गुलाबाचा बहर मार्च-एप्रिलचा. पण फेब्रुवारीतच ऊन तापलं तर कळ्या घाईघाईने उमलतात, फूल लहान राहतं आणि हंगाम लवकर आटोपतो. दिवसाच्या कमाल तापमानाच्या सरासरीत 2022 चा मार्च हा देशात 1901 पासूनचा सर्वांत उष्ण मार्च ठरला, आणि 2025 मध्ये फेब्रुवारीनेही महिन्याच्या सरासरी तापमानाचा 1901 पासूनचा उच्चांक मोडला. गुलाबाच्या दृष्टीने नेमके हेच दोन महिने नाजूक. म्हणून आम्ही एप्रिलची वाट न बघता मार्चच्या मध्यालाच निघालो, आणि तुम्हालाही तेच सुचवेन.

मुंबईहून लखनौला जाणारी पुष्पक एक्सप्रेस कानपूरवरून जाते. कानपूरला उतरलात की कनौज ऐंशी किलोमीटरच्या आसपास. फर्रुखाबादच्या बाजूला जाणाऱ्या गाड्या तिथे थांबतात, जीटी रोडने बसही मिळते. लखनौहून आग्रा एक्सप्रेसवेने गाडी करून जाणं सर्वांत सोयीचं. कनौजमध्ये राहण्याची सोय साधारणच आहे, पण एक रात्र तिथेच काढा. कानपुरात मुक्काम करून सकाळी निघालात तर पहाटेची तोडणी हुकते, आणि ती हुकली तर पुढचं नीट समजत नाही.

तोडणी अंधारातच सुरू होते. गुलाबाच्या पाकळीतलं तेल पहाटे सर्वांत जास्त असतं, आणि ऊन चढेल तसतसं उडून जातं. त्यामुळे सूर्य वर यायच्या आत फूल झाडावरून उतरलं पाहिजे. बायका कमरेला फडकं बांधून ओळीतून झपाझप पुढे सरकतात. काटे बोचतात म्हणून हात आखडता घेतलेला मला दिसला नाही. नुकतं उमललेलं फूल देठाच्या टोकाशी चिमटीत धरायचं आणि हलक्या झटक्याने खुडायचं. हे फूल आपल्या हारातल्या गुलाबासारखं टपोरं नसतं. फिकट गुलाबी, सैल पाकळ्यांचं, दिसायला अगदी साधं. वास मात्र बांधावरच गाठतो. एक किलो शुद्ध गुलाबतेलासाठी तीन ते पाच हजार किलो फुलं लागतात, हे शेतात उभं राहून ऐकलं की त्या फडक्यातल्या मूठभर फुलांकडे बघण्याची नजर बदलते.

शेतावर भेटलेल्या एका वयस्क चाचांनी हवेचं गणित समजावलं. कडाक्याची थंडी गुलाबाला चालते, कोरडी सकाळही चालते. चालत नाही तो मार्चमधला अवकाळी पाऊस. भिजलेलं फूल वजनाला भरतं, पण वासाला उतरतं, आणि पोत्यात भरलं की आतून गरम होऊन आंबतं. कारखानदार त्याचा भाव पाडतो. गारपीट झाली तर बोलायलाच नको. शेजारी बटाटा आहेच. कनौज हा बटाट्याचाही जिल्हा आणि शीतगृहं जागोजाग. एक-दोन हंगाम असे गेले की शेतकरी गुलाब उपटून बटाटा लावतो. गुलाबाचं झाड वर्षानुवर्षं फुलं देतं, पण नवीन लावलेलं भरात यायला वेळ घेतं. मला वाटतं, अत्तराच्या धंद्याला खरा धोका इथे आहे. वाईट हवेने एका वर्षाचं पीक जातं, पण उपटलेली शेती पुन्हा गुलाबाकडे सहजी वळत नाही.

सकाळी सात-आठपर्यंत पोती भट्टीवर येतात. इथे घाई करू नका. अख्खा दिवस द्या. तांब्याची मोठी देग मातीच्या चुलीवर बसवलेली असते. तिच्यात क्विंटलभर फुलं आणि पाणी घालतात, वर झाकण ठेवून कापूस आणि चिकणमातीने सांधा लिंपतात. झाकणातून बांबूची नळी निघते, तिला चोंगा म्हणतात. तिच्यावर सुंभ घट्ट गुंडाळलेला. चोंग्याचं दुसरं टोक भपक्यात जातं. भपका म्हणजे लांब मानेचं तांब्याचं भांडं, आणि ते पाण्याच्या हौदात बुडवलेलं असतं. भपक्यात आधीच चंदनाचं तेल असतं. वाफ नळीतून येते, भपक्यात थंड होते आणि वास चंदनाला धरतो. थर्मामीटर नाही, घड्याळही कोणी बघत नाही. कारागीर हौदात हात घालून भपक्याच्या पोटाला तळवा लावतो आणि किती भरलं ते त्यावरून सांगतो. देगेला कान देऊन आच कमी-जास्त करतो. भपका भरला की देगेवर ओलं फडकं फिरवायचं, उकळी बसली की भपका बदलायचा. मी दोनदा तळवा लावून बघितला. मला नुसतंच गरम लागलं. त्यांना मात्र कुठपर्यंत गरम आहे ते कळत होतं.

रात्रभर भपका निववतात. सकाळी तळाच्या भोकातून पाणी काढून टाकायचं, तेल तसंच ठेवायचं आणि त्याच तेलावर दुसऱ्या दिवशीची ताजी फुलं चढवायची. असं दहा-पंधरा दिवस चालतं. हवेचा फटका किती खोल जातो ते मला इथे नीट समजलं. दहा-पंधरा दिवस रोज ताजं फूल मिळालं तरच ते अत्तर पूर्ण होतं. मध्येच उष्णतेची लाट येऊन फूल संपलं, तर चंदन अर्धवट भरलेलं राहतं. मग मालक ते तसंच विकेल, महागातलं फूल लांबून मागवेल, की पुढच्या हंगामासाठी राखून ठेवेल? हे ज्याच्या त्याच्या इमानावर आहे.

उन्हाचा दुसरा फटका हौदाला बसतो. पाणी थंड असेल तरच वाफ नीट निवते. दिवस तापले की हौद लवकर कोमट होतो आणि पाणी सारखं बदलावं लागतं. भट्टीजवळ उभं राहणंही तेव्हा कठीण होतं. म्हणून लहान मुलांना किंवा दम्याचा त्रास असलेल्यांना सोबत नेत असाल तर सकाळीच जाऊन या; धूर आणि धग दोन्ही भरपूर असतं. सुती कपडे, बंद बूट, पाण्याची बाटली एवढं बरोबर असू द्या, आणि त्या दिवशी स्वतः अत्तर किंवा परफ्यूम लावू नका, नाहीतर नाक काहीच सांगत नाही. फोटो काढण्याआधी विचारा. बहुतेक जण हो म्हणतात, पण मिश्रणाची खोली दाखवत नाहीत, तिथे आग्रह धरू नये.

गुलाबाखेरीज इथे जे बनतं त्यातलं बरंच बाहेरच्या हवेवर अवलंबून आहे. केवडा ओडिशाच्या गंजाम जिल्ह्यातला, समुद्रकाठचा. कनौजच्या अत्तरवाल्यांनी तिथे पूर्वीपासून भट्ट्या घातल्या. ऑक्टोबर 2013 मध्ये फायलिन चक्रीवादळ याच जिल्ह्यातल्या गोपाळपूरजवळ किनाऱ्यावर आदळलं. बंगालच्या उपसागरातल्या वादळाचा विषय कनौजच्या बाजारात का निघतो, हे त्यावरून कळेल. मोगरा, म्हणजे इथला बेला, त्याला उलट ऊनच हवं. तो एप्रिल-मेनंतर जोरात येतो. वाळ्याचं अत्तर हिवाळ्यात खणलेल्या मुळ्यांचं. वाळा खोल मूळ धरतो, कोरड्यात टिकतो आणि पुरातही तग धरतो, त्यामुळे बदलत्या हवेत सर्वांत भरवशाचं पीक तेच असं माझं मत झालं.

आणि मातीचं अत्तर. कुंभाराच्या भट्टीत अर्धवट भाजलेल्या मातीच्या चकत्या देगेत घालून पहिल्या पावसाचा वास चंदनात उतरवतात. बेअर आणि थॉमस या ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी 1964 साली या वासावर शोधनिबंध लिहिला, तेव्हा त्यांनी उत्तर प्रदेशातल्या या अत्तराचा उल्लेख केला होता. हे काम पावसाळ्याआधीच्या कोरड्या दिवसांतलं. त्यासाठी जायचं तर मे, पण तेव्हाचं तिथलं ऊन विदर्भातल्या माणसालाही जड जाईल.

खरेदी बडा बाजारात. गल्ल्या अरुंद, दुकानं जुनी, गादीवर बसून अत्तर दाखवतात. तिथे तीन प्रश्न विचारा. आधार कशाचा: चंदनाचा, की पॅराफिनसारख्या बिनवासाच्या तेलाचा? चंदन महागल्यापासून दुसरा प्रकार सर्रास आहे. तो वाईटच असतो असं नाही, पण किंमत त्याप्रमाणे हवी. दुसरा प्रश्न, फूल कोणत्या हंगामाचं? चांगला दुकानदार या प्रश्नावर खुलतो, गेल्या वर्षीचं आणि या वर्षीचं शेजारी ठेवून हुंगायला देतो, आणि पावसात सापडलेला माल कोणता तेही सांगतो. तिसरा, ही रूह आहे की अत्तर? रूह म्हणजे चंदनाशिवायचं निखळ तेल. रूह गुलाबचा किलोचा भाव लाखांत जातो. तेव्हा कोणी शंभर-दोनशे रुपयांत रूह गुलाबची बाटली पुढे केली तर हसून पुढच्या दुकानात जा. एकाच वेळी चार-पाचपेक्षा जास्त वास घेऊ नका. अत्तर मनगटावर लावून बाहेर फिरून या, तासाभराने ठरवा.

वेळ असेल तर 1991 मध्ये स्थापन झालेलं सुगंध आणि स्वाद विकास केंद्र बघा. तिथे तेलाची शुद्धता प्रयोगशाळेत तपासतात. आधी परवानगी घेऊन गेलेलं बरं. इतिहासाची आवड असणाऱ्यांनी पुरातत्त्व संग्रहालयही बघावं. हर्षवर्धनाची ही राजधानी, आणि पुढे वेरूळचं कैलास लेणं कोरवणाऱ्या राष्ट्रकूटांच्या तिसऱ्या इंद्राने इ.स. 916 च्या सुमारास इथवर येऊन हे शहर घेतलं होतं. त्या वैभवाचं आता फार काही उभं नाही, तासाभरात बघून होतं.

मार्च हुकलाच तर डिसेंबर-जानेवारीत जा. गुलाबाचा चैती बहर दिसणार नाही, पण वाळ्याच्या भट्ट्या पेटलेल्या असतात, थंडीत लावायची शमामा आणि हीना ही अत्तरं दुकानांत ताजी असतात, आणि कारागिरांना बोलायला निवांतपणा असतो. फक्त धुक्यात गाड्या तासन्‌तास उशिरा धावतात. परतीचं तिकीट एक दिवस पुढचं काढा.