मैलाच्या पाट्या संपल्या, गाव आलं नाही

अँकरेजहून वाल्डीझ बंदराला जाणारा रस्ता साधारण ३०० मैलांचा. न थांबता गेलं तर सहा-एक तास. ग्रुप सोबत असला की अख्खा दिवस जातो, आणि तो जाऊ द्यावा. अलास्काच्या सहली मी टूर मॅनेजर म्हणून नेते. एरवी बसमध्ये अंताक्षरी, किस्से, सगळं चालतं. या दिवशी मात्र मी माइक बंद ठेवते आणि लोकांना खिडकीबाहेर बघू देते.

त्या ग्रुपमध्ये एक निवृत्त मुख्याध्यापक होते, किल्लारीजवळच्या एका गावचे. सगळे त्यांना सर म्हणत, त्यांच्या पत्नीला काकू. सर फारसं बोलत नसत. मांडीवर वही आणि हातात पेन. ग्लेनॅलनला बस दक्षिणेकडे रिचर्डसन हायवेला वळली तेव्हा त्यांनी वहीत ११५ लिहिलं. रस्त्याच्या कडेला दर मैलाला छोटी हिरवी पाटी असते, आणि वाल्डीझच्या दिशेने जाताना तिच्यावरचे आकडे उतरत जातात. सर तेच टिपत होते.

विलो लेकवर ढग वर सरकले आणि रँगल पर्वतरांग उघडी पडली. ड्रम, रँगल, ब्लॅकबर्न, सगळी शिखरं बर्फाने भरलेली. रँगल हा तर अजून जागा असलेला ज्वालामुखी. तिथून बस कोणीच हलू देईना. पुढे वर्दिंग्टन हिमनदी अगदी रस्त्यावरून दिसते, आणि लगेच थॉम्पसन पास. उंची जेमतेम ८०० मीटर, पण समुद्राकडून येणारी ओली हवा इथे डोंगराला धडकते. १९५२-५३च्या हिवाळ्यात इथे पडलेला एकूण बर्फ जवळजवळ २५ मीटर होता. कडेला उंच खांब आहेत, त्यांची टोकं रस्त्यावर वाकलेली. बर्फ काढणाऱ्या गाड्यांना रस्त्याची कड कळावी म्हणून. सरांनी वहीत त्या खांबाचं चित्र काढलं.

कीस्टोन कॅनियनमधले धबधबे झाले, दरी रुंदावली, समोर खाडी दिसायला लागली. लोक सामान आवरू लागले. तेवढ्यात सर उठून माझ्यापाशी आले.

"ताई, पाट्यांचे आकडे संपत आले. पण गाव तर तिकडं पुढं दिसायलंय. मग हे शून्य कुठलं?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. उत्तर माहीत होतं, पण ते बसमध्ये उभ्या उभ्या सांगावंसं वाटेना. ड्रायव्हरशी बोलले आणि बस डावीकडे, जुन्या वाल्डीझच्या रस्त्याला घेतली. मागून दोघा-तिघांनी हॉटेल कधी येणार म्हणून विचारलं. पंधरा मिनिटं द्या, म्हटलं.

तिथे बघण्यासारखं काही नाही. गवत, झुडपं, जुन्या पोस्ट ऑफिसचा पाया, आणि नावं कोरलेलं स्मारक. २७ मार्च १९६४ला, गुड फ्रायडेच्या संध्याकाळी, ९.२ तीव्रतेचा भूकंप झाला. जमीन चार मिनिटांहून जास्त वेळ हलत होती. गाव हिमनद्यांनी आणून टाकलेल्या गाळावर वसलेलं. किनाऱ्याचा गाळ पाण्याखाली घसरला आणि बंदराचा धक्का त्याच्यासोबत गेला. 'चेना' नावाचं मालवाहू जहाज तेव्हा धक्क्याला लागलेलं होतं. माल उतरवायला आणि बघायला आलेली ३२ माणसं गेली, त्यात लेकरंही होती. मग जमिनीवर भरवसा राहिला नाही म्हणून अख्खं गाव चार मैलांवर हलवलं. पन्नासच्या वर इमारती तर उचलून नेल्या. रस्त्याचे मैल मात्र अजून जुन्या गावापासूनच मोजतात.

सरांनी सगळी नावं वाचली, मोठ्याने, उच्चार चुकवत, पण एकही न सोडता. हॉटेलबद्दल विचारणारे आता गप्प उभे होते. मग सर म्हणाले, "आमचं गणपती विसर्जन झालं आणि पहाटे चारच्या आत गाव गेलं. नवं गाव चांगलं दिलं सरकारनं, रस्ते रुंद दिले. पण शेजारी लांब गेला ना. हाक मारली तर ऐकू जात नाही." काकू म्हणाल्या, "दसऱ्याला जातोच की जुन्या मारुतीला." १९९३ला सर त्याच गावच्या शाळेत नवे शिक्षक होते, हे आठवडाभर सोबत फिरून मला तेव्हा कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोलंबिया हिमनदीची बोट होती. सहलीचा सगळ्यात महागडा कार्यक्रम. सर म्हणाले, मी येत नाही. वाल्डीझच्या संग्रहालयाने भूकंपाआधीच्या गावाची प्रतिकृती मांडली आहे, खऱ्या आकाराच्या विसाव्या भागाची, ती त्यांना बघायची होती. एकट्या प्रवाशाला मागे ठेवायचं म्हणजे माझी जबाबदारी. त्यांना तिथे सोडायची आणि परत आणायची सोय केली, फोन नंबर वहीत लिहून दिला, काकूंची संमती घेतली. "राहू द्या त्यांना. बर्फ मी बघते," काकू म्हणाल्या.

रात्री जेवणाच्या टेबलावर सरांनी वही उघडली. डाव्या पानावर जुनं वाल्डीझ. धक्का, मुख्य रस्ता, घरांच्या रांगा. उजव्या पानावर त्यांचं स्वतःचं गाव. वेस, आड, शाळेच्या दोन खोल्या, गल्लीगल्लीत घरं आणि प्रत्येक घरात बारीक अक्षरात आडनाव. तीन चौकोन रिकामे होते. "हे आठवंनात," ते मला म्हणाले.

काकूंनी वही आपल्याकडे ओढली, चष्मा लावला. "हे वाण्याचं. आणि लिंबाचं झाड तुम्ही पलीकडं काढलंय, ते अलीकडं होतं, आडाच्या अंगाला."

"पलीकडंच होतं."

"मी रोज पाणी भरत होते का तुम्ही?"

सरांनी खोडरबर मागितलं. हॉटेलच्या रिसेप्शनवरून मी ते आणून दिलं.