बालीतल्या पाटाच्या काठाकाठाने

आईला समुद्र नको होता. बालीला जायचं ठरल्यावर नात्यातल्या प्रत्येकाने एकेका किनाऱ्याचं नाव सुचवलं. तिने ते सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि रात्री मला म्हणाली, "मला त्यांचे पाट दाखव."

तिचं माहेर साक्री तालुक्यातलं, पांझरेच्या काठचं. तिथे फडाची शेती होती. नदीवर दगडी बंधारा, त्यातून काढलेला पाट, पाटाखालच्या जमिनीचे तीन-चार फड, आणि एका फडात त्या वर्षी सगळ्यांचं एकच पीक. पाणी कुणी आपापलं वळवायचं नाही, ते बारेकऱ्याचं काम. राखणीला जागल्या. माझे आजोबा अनेक वर्षं फडाच्या पंचांत होते, त्यामुळे आईचं बालपण पाण्याच्या पाळ्यांची भांडणं आणि समेट ऐकण्यात गेलं. बालीत अशीच एक व्यवस्था हजारेक वर्षं टिकून आहे, तिला सुबाक म्हणतात आणि 2012 साली युनेस्कोने तिला जागतिक वारशाच्या यादीत घेतलं, हे तिने एका दिवाळी अंकात वाचलं होतं. ते पान तिने कापून ठेवलं होतं.

मे महिन्यात गेलो. तिथे तेव्हा पावसाळा सरलेला असतो. उबूदला मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच बेदुगुलच्या वाटेला लागलो. गाडी चालवणाऱ्या दादांना आम्ही 'ब्ली' म्हणत होतो. बालीच्या भाषेत ब्ली म्हणजे थोरला भाऊ. ते आईला 'इबू' म्हणायचे, म्हणजे आईच. रस्ता विचारला की ते डावं-उजवं न सांगता 'काजा' किंवा 'केलोद' म्हणायचे. काजा डोंगराकडे, केलोद समुद्राकडे. घरातला देव्हारा, गावातलं देऊळ, झोपताना उशी कुठे, सगळं या दोन दिशांवर ठरतं. आईला हे लगेच उमगलं. "पाणी येतं ती बाजू आणि जातं ती बाजू," ती म्हणाली.

घाट चढता चढता हवा गार झाली. ब्रातान तलाव समुद्रसपाटीपासून बाराशे मीटरपेक्षा उंच आहे. सकाळी सात वाजता तिथे शाल लागली. तलावात थोडं आत, चिमुकल्या बेटांवर ब्रातानच्या उलुन दानु देवळाचे मेरू उभे आहेत. पन्नास हजार रुपियाच्या जुन्या नोटेवर हेच चित्र होतं. मेरू म्हणजे एकावर एक चढत, निमुळती होत गेलेली छपरं, कायम विषम संख्येत. इथला सर्वांत उंच मेरू अकरा छपरांचा. छपरांवर कौल नाही, गवतही नाही. माडाच्या कुळातल्या एका झाडाचा काळा, राठ काथ्या दाबून बसवलेला असतो. धुकं त्याच्यावर अडकत होतं आणि थेंब होऊन खाली टपकत होतं.

उलुन म्हणजे शीर, वरचं टोक. दानु म्हणजे तलाव. तलावाच्या माथ्याचं देऊळ. सतराव्या शतकात, मेंगवीच्या राजाच्या काळात बांधलेल्या या देवळात शिव-पार्वती आहेत, पण शेतकरी येतात ते देवी दानुसाठी, तलावाच्या देवीसाठी. आवारात प्रवेशाजवळच एक बौद्ध स्तूप आहे. आम्ही उभे असतानाच समोरच्या टेकडीवरच्या मशिदीतून अजान सुरू झाली आणि पाण्यावरून सगळीकडे पसरली. पूजेच्या ताटल्या मांडणाऱ्या बायका आपलं काम करत राहिल्या. नारळाच्या कोवळ्या पात्याची टोपली, त्यात रंगांप्रमाणे दिशा लावून ठेवलेली फुलं, वर उदबत्ती. त्या टोपलीला चानांग म्हणतात आणि ती बालीत पावलोपावली दिसते, उंबऱ्यावर, दुकानाच्या पायरीवर, अगदी स्कूटरवरही. ती रोज नव्याने विणायची. आईने एका बाईंच्या शेजारी बसून दोन टोपल्या विणल्या. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता.

तलावाच्या दुसऱ्या कडेला हंसाच्या आकाराच्या पायडलच्या होड्या रांगेत लावल्या आहेत. मला त्या खुपल्या. ज्या पाण्याला खालची अख्खी खोरी हात जोडतात, तिथे त्या नसत्या तर बरं झालं असतं, असं मला मनापासून वाटतं. जवळच चांदीकुनिंगचा बाजार आहे. तिथे स्ट्रॉबेरीचे ढीग पाहून महाबळेश्वरची आठवण आली. एक पुडा घेतला, गाडीत संपवला.

वानागिरीच्या धारेवरून बुयान आणि तांब्लिंगान हे दोन तलाव शेजारी शेजारी दिसतात. ब्रातान धरून तिन्ही एकाच जुन्या ज्वालामुखीच्या प्रचंड कढईत साचलेले. तांब्लिंगानपर्यंत उतरलो. काठाला दाट रान, झाडांवर शेवाळाच्या दाढ्या, पाण्यात एक छोटं देऊळ, आणि दोन लाकडी होड्या एकमेकींना जोडून केलेली नाव. मोटारबोटीला इथे मज्जाव आहे. तासभर कुणी काही बोललं नाही. त्या तासाबद्दल मला जास्त लिहिता येणार नाही.

जातिलुवीह मात्र दोन दिवस पाहिलं.

बातुकारू पर्वत 2,276 मीटर उंच आहे. त्याच्या दक्षिण उतारावर, साधारण सातशे मीटरवर हे गाव. सहाशे हेक्टरांहून अधिक भातशेती पायऱ्यापायऱ्यांनी दरीपर्यंत उतरत जाते. खाचरं लहान, वेडीवाकडी, उताराच्या वळणाने कापलेली. काही नुकतीच चिखलणी झालेली, त्यांत आभाळ दिसत होतं. काही पोपटी, काहींतल्या लोंब्या पिकून वाकलेल्या. कापणी झालेल्या खाचरांत बदकांचे थवे सोडले होते. ती सांडलेले दाणे खातात, कीड खातात आणि जाताना खतही देऊन जातात. इथे अजूनही 'पादी बाली' हा जुना, उंच वाढणारा लाल भात पिकतो. तो शेतात सहाएक महिने उभा असतो. त्याच्या लोंब्या पूर्वापार 'आनी-आनी' नावाच्या, मुठीत लपणाऱ्या लहान पात्याने एकेक करून खुडत आले आहेत. विळा उगारला तर भाताची देवी बिचकेल, अशी त्यामागची समजूत. त्या देवीचं नाव देवी श्री. आई हे ऐकून बांधावरच थांबली. "आपलीच की," म्हणाली आणि लोंबीला हात लावून तो कपाळाला लावला.

वाटेच्या कडेने पाट सतत सोबत असतो. एका ठिकाणी पाटात आडवं लाकूड बसवलं होतं. त्याला खाचा होत्या, एक रुंद, दोन अरुंद. पाणी त्या खाचांतून तीन चाऱ्यांत वाटलं जात होतं. याला तेम्बुकु म्हणतात. रुंदी ठरते ती खालच्या जमिनीच्या हिश्शावरून. ना दार, ना कुलूप, ना मीटर. येणारा-जाणारा कुणीही नुसतं बघून सांगू शकतो की वाटणी बरोबर आहे की नाही. एखाद्याने रात्री दगड सरकवला, तर सकाळी तो सगळ्या गावाला दिसणार. आई त्या लाकडापाशी खाली बसली. किती वेळ बसली, कोण जाणे. आजोबा बोटांनी पाण्याची खोली मोजायचे, तशी तिनेही खाचेत बोटं घातली.

एका पाटावरच्या शेतकऱ्यांच्या मंडळालाही सुबाकच म्हणतात. तिथल्या सुबाकचे प्रमुख योगायोगाने पाट बघायला आले होते. त्यांना पेकासेह म्हणतात. ब्ली दुभाषी झाले आणि बांधावर बसून गप्पा झाल्या. त्यांनी जे सांगितलं ते ऐकल्यापासून मी ही सगळी शेतं वेगळ्या नजरेने बघू लागलो.

आपल्याला वाटतं, पाणी वरच्याच्या हातात, मग वरचा खालच्याला कशाला विचारेल? पण भाताला पाण्याइतकीच किडीचीही काळजी असते. शेजारपाजारच्या सगळ्या खाचरांनी एकाच वेळी कापणी करून एकाच वेळी शेतं पाण्याखाली पडीक ठेवली, तर तुडतुड्यांना खायलाच उरत नाही, ते मरतात. एकानेच भलत्या वेळी भात लावला, तर कीड तिकडे मुक्काम करते आणि मग सगळीकडे पसरते. म्हणजे खालच्याला वरच्याकडून पाणी हवं आणि वरच्याला खालच्याकडून वेळेची साथ हवी. पण सगळ्या खोऱ्याने एकाच दिवशी लावणी केली, तर पाणी पुरणार नाही. मग किती सुबाकांनी एकत्र लावायचं, कुणी पंधरा दिवस मागे राहायचं, हे ठरवायला माणसं जमतात ती देवळात. खाचराच्या तोंडाशी एकाचं छोटं देऊळ, पाटाच्या बंधाऱ्यावर अनेकांचं मोठं, आणि सगळ्यांच्या वर तलावाचं. पाणी वरून खाली येतं आणि नैवेद्य खालून वर जातो. कॅलेंडरही देवळाचं, 210 दिवसांचं.

1970 च्या दशकात ही घडी विस्कटली. सरकारने नव्या, झटपट पिकणाऱ्या जाती आणल्या आणि शेतकऱ्यांना सांगितलं की देवळाचं वेळापत्रक सोडा, जमेल तितक्या वेळा लावा. सुरुवातीला धान्य वाढलंही. मग पाण्याची ओढाताण सुरू झाली. तपकिरी तुडतुडे आले, टुंग्रो रोग आला, औषधं फवारली तरी कीड हटेना. पुढे जे. स्टीफन लान्सिंग हे मानववंशशास्त्रज्ञ आणि जेम्स क्रेमर हे परिसंस्थांचे अभ्यासक यांनी दोन नद्यांच्या खोऱ्यांचं संगणकावर प्रारूप मांडून पाहिलं. सर्वांत चांगलं पीक आलं ते जवळपास देवळांच्याच वेळापत्रकाने. पेकासेह हे सांगत होते तेव्हा त्यांच्या आवाजात विजयाचा सूर नव्हता. त्या वर्षांत त्यांच्या वडिलांचं पीक गेलं होतं.

आईने त्यांना फडाबद्दल सांगितलं. बारेकरी, जागल्या, फडाफडाने फिरणारा ऊस. ब्लींनी ते कसंबसं पोचवलं. पेकासेहनी विचारलं, "अजून चालू आहे?" आई थोडा वेळ गप्प राहिली. वर धरण झालं, विहिरी झाल्या, ज्याची त्याची मोटर झाली. काही गावांत फड अजून तग धरून आहे, तिच्या माहेरच्या गावात नाही. तिने एवढंच म्हटलं, "आमच्या गावात नाही." दोघंही पाटाकडे बघत बसली. मग त्यांनी आम्हाला घरी नेऊन लाल तांदूळ भाजून उकळलेला चहा दिला. त्याला खरपूस वास होता, बाळंतिणीच्या पेजेसारखा.

बातूरला गेलो तो दिवस लख्ख उन्हाचा होता. ज्वालामुखीच्या कड्यावरून खाली पाहिलं की 1,717 मीटरचा बातूर पर्वत, त्याच्या अंगावर लाव्हाचे काळे ओघळ आणि पायथ्याशी बालीतला सर्वांत मोठा तलाव. त्यातून एकही नदी बाहेर पडत नाही. पाणी जमिनीत मुरतं, आणि खालच्या उतारांवरचे झरे या तलावाचेच, अशी बालीच्या शेतकऱ्यांची श्रद्धा आहे. म्हणून दोनशेहून जास्त सुबाक बातूरच्या उलुन दानु देवळाला आपलं मानतात. हे देऊळ आधी खाली, तलावाजवळ होतं. 1917 च्या उद्रेकात लाव्हा त्याच्या दाराशी येऊन थांबला. लोक तिथेच राहिले. 1926 मध्ये मात्र गाव आणि देऊळ दोन्ही गाडले गेले. गावकऱ्यांनी देवीला वर, कड्यावर आणलं आणि नव्याने बांधलं. मुख्य पुजाऱ्याची निवड लहानपणीच होते आणि तो आयुष्यभर देवीचा माणूस असतो. एखाद्या सुबाकला नवा पाट काढायचा असला की आजही सल्ल्याला इथे यावं लागतं.

शेवटचा दिवस ताम्पाकसिरिंगचा. गुनुंग कावीच्या पायऱ्या आईच्या गुडघ्यांना झेपणाऱ्या नव्हत्या, मी एकटाच उतरलो. अकराव्या शतकात कड्यात कोरलेली, सात मीटर उंचीची दहा स्मारकं, आणि त्यांच्या समोर भाताची खाचरं. वेरूळ पाहिलेल्या माणसाला ती शांतता ओळखीची वाटेल.

मग तीर्त एम्पुल. शब्द आपलाच, तीर्थ. शिलालेखानुसार इथल्या झऱ्याची बांधणी 962 सालची. विषाने पडलेल्या आपल्या सैन्याला उठवण्यासाठी इंद्राने जमिनीत शस्त्र खुपसून हा झरा काढला, अशी कथा आहे. आतल्या कुंडात काळ्या वाळूतून पाणी बुडबुडत वर येताना दिसतं. बाहेरच्या कुंडांत दगडी मुखांतून धारा पडतात आणि लोक एकेका धारेखाली डोकं टेकवत पुढे सरकतात. दोन धारा मृतांच्या विधीसाठी राखलेल्या, त्या वगळायच्या. आई सारोंग नेसून पाण्यात उतरली. पहिल्या धारेखाली तिने आजोबांचं नाव घेतलं, मला ऐकू आलं.

कपडे बदलून बाहेर आल्यावर तिने विचारलं, "हे पाणी पुढे कुठे जातं?" ब्ली आम्हाला देवळाच्या मागच्या अंगाला घेऊन गेले. कुंडांचं पाणी भिंतीखालून निघून एका पाटाला लागतं आणि तिथून पुलागान सुबाकच्या शेतांत उतरतं. आम्ही त्या पाटाच्या काठाने चालत राहिलो. पहिल्या खाचराच्या तोंडाशी बांबूच्या खांबावर छोटासा देव्हारा होता. त्यात सकाळचं चानांग, फुलं अजून ताजी. एक आजोबा फावड्याने मातीचं ढेकूळ उचलून चारीचं तोंड बुजवत होते. त्यांनी आमच्याकडे पाहून मान हलवली. आईने चपला काढून हातात घेतल्या आणि बांधावर बसून पाय पाटात सोडले.