टायर एका बाजूने झिजतोय? नवा टाकण्याआधी जुना नीट बघा

पुढचा टायर आतल्या काठाला पार गोटा झालाय आणि बाहेरची नक्षी शाबूत आहे, अशा गाड्या कायम दिसतात. मालक नवा टायर टाकून मोकळा होतो आणि काही महिन्यांत तोही तसाच झिजतो. दोष गाडीतच राहिलेला असतो ना!

आधी गाडी सपाट जागी लावून स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवा, म्हणजे टायरची अख्खी रुंदी समोर येते. आतला काठ सरळ उभं राहून कधीच दिसत नाही. आता नक्षीवरून तळहात आडवा फिरवा, आधी बाहेरून आत, मग आतून बाहेर. काठाला तारा वर आल्या नाहीत ना, हे मात्र अगोदर बघून घ्या. एका दिशेने हात गुळगुळीत सरकला आणि उलट दिशेने करवतीसारखा अडकला, तर टो, म्हणजे वरून पाहताना चाकं आत किंवा बाहेर वळलेली असण्याचा कोन, बिघडलाय. टो-आउट (चाकांची पुढची टोकं बाहेर वळलेली) असेल तर आतली बाजू जास्त जाते, टो-इन (आत वळलेली) असेल तर बाहेरची. अडकत नाही, पण एकच काठ सपाट उतरलाय, तर कॅम्बरचा, म्हणजे समोरून पाहताना चाक आत किंवा बाहेर कलण्याचा, संशय घ्या.

इथेच घाई होते. चाक धरून ठेवणारे सांधे, म्हणजे लोअर आर्मचे बुश, बॉल जॉइंट किंवा टाय रॉड एंड, सैल असताना केलेलं अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) टिकत नाही. मशीनवर आकडे हिरवे दिसतात, पहिल्या खड्ड्यात पुन्हा सरकतात. म्हणून आधी चाक उचलून, हलवून खेळ (ढिलेपणा) तपासायला सांगा, सैल पार्ट बदला, मगच अलाइनमेंट. बऱ्याच छोट्या गाड्यांत पुढचा फक्त टो जुळवता येतो. कॅम्बर चुकला असेल तर वाकलेला किंवा झिजलेला पार्टच शोधावा लागतो.

दोन्ही काठ झिजले तर हवा कमी, मधला पट्टा गेला तर जास्त. यवतेश्वर किंवा पसरणी घाटात रोज जाणाऱ्या गाडीच्या पुढच्या टायरचे बाहेरचे काठ वळणांमुळेही लवकर जातात, तेव्हा हवेवर खापर फोडण्याआधी मागचे टायरही तसेच झिजलेत का ते बघा. हवा सकाळी, गाडी चालवण्याआधी, दारावरच्या स्टिकरप्रमाणे भरा. टायर तापलेला असताना आकडा जास्त दिसतो म्हणून हवा काढू नका.

टायरवर ठराविक अंतराने खळगे पडलेत? मग शॉकअप आणि बॅलन्सिंग तपासा. एकाच जागी चपटा डाग असेल, तर जोराचा ब्रेक लागून चाक लॉक झालं असण्याची शक्यता मोठी.

नक्षी भरपूर आहे म्हणून टायर चांगला, असं मात्र नाही. सांगलीच्या उन्हात महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या गाडीचं रबर न झिजताच कडक होतं. साइडवॉलवर (टायरच्या बाजूच्या भिंतीवर) DOT या अक्षरांच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात. 2319 म्हणजे 2019 चा 23 वा आठवडा. एकाच बाजूला पूर्ण ओळ असते, तेव्हा दिसली नाही तर आतून बघा. पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासून घ्या. दहा वर्षांचा टायर दिसायला कितीही चांगला असो, काढाच. खोबणीच्या तळाशी भेगा दिसल्या किंवा साइडवॉलला फुगा आला, तर वय न बघता बदला. खोबणीतल्या उंचवट्यांच्या पातळीला, म्हणजे 1.6 मिमीला, नक्षी आली तरी तेच. स्टेपनीवरची तारीखही वाचा. ती न वापरताच म्हातारी होते आणि नेमकी रात्री हायवेवर लागते.