सुकी मासळी, दोन मिनिटं आणि मोबाइल

दिवाळे कोळीवाड्यातल्या आमच्या सुक्या मासळीच्या धंद्याला सोलर ड्रायरसाठी, म्हणजे उन्हाच्या उष्णतेवर बंदिस्त जागेत मासळी सुकवणाऱ्या यंत्रासाठी, भांडवल हवं होतं. पैसे गुंतवणाऱ्या एका गटाने सांगितलं, आधी दोन मिनिटांचा व्हिडिओ पाठवा, मग भेटू. काकी बोंबील सुकवते आणि विकते. हिशेब, पॅकिंग आणि ऑर्डरी माझ्याकडे. स्टुडिओवर पैसे घालवायचे नाहीत, घरातल्या मोबाइलवरच शूट करायचं, यावर आमचं दोघींचं एकमत होतं.

सगळ्यात जास्त वेळ लिहिण्यात गेला, आणि तो जायलाच हवा. नाव, गाव, धंदा कधी सुरू केला, यातलं काहीच मी सुरुवातीला ठेवलं नाही. पहिलंच वाक्य होतं: "१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, आणि श्रावण लागेपर्यंत घरोघरी सुकी मासळीच शिजते." ऐकणाऱ्याला गिऱ्हाईक लगेच दिसलं पाहिजे. मग अडचण: उघड्यावर वाळत घातलेल्या मासळीवर धूळ, माश्या, कावळे, आणि अवकाळी सर आली की अख्खी खेप वाया. मग उपाय, किलोमागे सुटणारा नफा, आणि शेवटी किती रक्कम हवी व ती कशावर खर्च होणार. रक्कम मोघम सांगू नये असं मला ठाम वाटतं. पैसे मागायला आलोय, तर आकडा स्पष्ट उच्चारावा. सगळं मिळून अडीचशे शब्दांत बसवलं. त्याहून जास्त झालं की दोन मिनिटांत बोलताना धाप लागते.

माल दाखवायची कल्पना काकीची. मी तिला म्हटलं, "काकी, ओल्या आणि सुक्या बोंबलाचं गणित सांग ना." ती म्हणाली, "अगं, सांगायचं काय त्यात? काट्यावर ठेव, दिसेलच." ताज्या बोंबलात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. एका ताटात किलोभर ताजे बोंबील, दुसऱ्यात तेवढेच सुकून उरलेले, आणि मधे वजनकाटा. भाव एवढा का, हे मला वेगळं समजावून सांगावंच लागलं नाही.

आवाजाकडे मी चित्रापेक्षा जास्त लक्ष दिलं. चित्र थोडं फिकं असलं तरी माणूस बघत राहतो, पण शब्द कळले नाहीत की पुढे सरकवतो. जेट्टीवर वारा आणि होड्यांची इंजिनं, म्हणून तिथली फक्त दृश्यं घेतली. बोलणं घरात, पंखा बंद, कॉलर माइक लावून. खोली घुमू नये म्हणून समोर गोधड्या टांगल्या. आधी थोडं रेकॉर्ड करून हेडफोनवर ऐकलं. फ्रिजची घरघर तेव्हाच कळली आणि तेवढ्यापुरता तो बंद केला.

बाकी तयारी सोपी. मागचा कॅमेरा, फोन आडवा, डोळ्यांच्या उंचीवर यावा म्हणून मासळीच्या क्रेटवर क्रेट. लेन्स पुसून घेतली, एअरप्लेन मोड लावला, आणि पडद्यावर बोट दाबून धरून फोकस व उजेड लॉक केला. उजेड सकाळचा, खिडकीतून सरळ तोंडावर. पॅकिंगच्या खोलीत मात्र दिव्याशिवाय भागेना आणि चित्रात काळे पट्टे सरकत होते. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे असे दिवे सेकंदाला शंभरदा कमीजास्त होतात. फोनच्या प्रो मोडमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याची सेटिंग हाताने बदलता येतात तिथे, शटर १/१०० सेकंदावर ठेवलं आणि पट्टे गेले.

काकीला पाठांतर करायला लावलं नाही. मी कॅमेऱ्याशेजारी उभी राहून विचारत गेले, ती माझ्याकडे बघून बोलली. पैशांचा भाग मी लेन्समध्ये बघून सांगितला. गटात मराठी न समजणारेही होते, म्हणून खाली इंग्रजी सबटायटल दिली. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवला तर व्हिडिओची क्वालिटी उतरते. मी डॉक्युमेंट म्हणून पाठवला.

भेटीचं बोलावणं आलं. तिथे पहिलाच प्रश्न आला, "ढगाळ दिवसांत सोलर ड्रायर काय करणार?" पाऊस ओसरल्यापासून मेपर्यंत सुकवून साठा करायचा, विक्री पावसाळ्यात, आणि मधल्या ढगाळ दिवसांसाठी विजेवरचा हीटर. त्याचा खर्च आम्ही मागितलेल्या रकमेत धरलेलाच होता. काकीने पुढचं सांगायला घेतलं: कोणत्या महिन्यात कोणती मासळी येते आणि ती किती उन्हं खाते.