चांदोरीपुढचा ऊस आणि एक प्लास्टिकचा क्रेट

नाशिक जिल्ह्यातल्या नांदूरमधमेश्वरला हळदी-कुंकू बदकं दिसली, शेकाट्या दिसल्या, उन्हात डोकं तापलं. 2020 साली रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत, गेलेली महाराष्ट्रातली ही पहिली पाणथळ जागा. तिच्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत, म्हणून तो दिवस इथेच सोडतो. लिहायचं आहे ते परतीच्या वाटेवर, चांदोरी-सायखेड्याच्या पट्ट्यात, उसाच्या एका फडात जे पाहिलं त्याबद्दल.

बांधावर मोटारसायकलींची रांग आणि मध्ये पन्नास-साठ माणसं. ऊसतोड टोळीला पाचटात, उसाच्या वाळलेल्या पानांत, बिबट्याची दोन पिल्लं सापडली होती. एक पोरगा त्यातलं एक छातीशी धरून उभा, समोर चार मोबाईल. पिल्लू फिस्कारत होतं आणि लोक त्याला ‘किती गोड’ म्हणत होते. बिबट्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत येतो, त्याला असं धरणं हा गुन्हा आहे, हे तिथे सांगणाऱ्याचाच फोटो निघाला असता.

गोदाकाठच्या लोकांना बिबट्या नवा नाही. मादी उसात विते, कारण आडोसा आहे, पाणी आहे, वस्तीवर कुत्री आणि शेळ्या आहेत. एका वेळी बहुतेक दोन-तीन पिल्लं. ती त्यांना एका जागेवरून दुसरीकडे हलवत असते आणि शिकारीला जाताना दडवून ठेवते. म्हणजे एकटं सापडलेलं पिल्लू टाकून दिलेलं नसतं. आई जवळच, उरलेल्या उसात, गर्दी हटायची वाट बघत असते. पिल्लू उचलून गावात नेलं की रात्री ती शोधत फिरते, आणि अशा बिथरलेल्या मादीसमोर माणूस आला की मग पेपरात बातमी येते.

वनरक्षक आले आणि त्यांनी पहिल्यांदा काम केलं ते पिल्लं खरंच बिबट्याची आहेत का हे बघायचं. उसात रानमांजरंही वितात, त्यांच्या पिल्लांवर फिकट पट्टे असतात. बिबट्याच्या पिल्लावर लहानपणापासून दाट काळे ठिपके. मग तोड थांबवली आणि पिल्लं नेमकी कुठल्या सरीत सापडली ते मुकादमाकडून काढून घेतलं. या माहितीशिवाय पुढचं सगळं अवघड होतं, कारण आई शोधायला येते ती त्याच जागी.

पशुवैद्यकांनी हातमोजे घालून तपासलं. डोळे उघडलेले, निळसर. म्हणजे दहा दिवसांच्या पुढची. कानाच्या मागे गोचीड, ते चिमट्याने काढले. मानेची कातडी चिमटीत धरून सोडली, ती हळू मागे गेली की अंगातलं पाणी कमी झालंय. वजन, नर-मादी, आणि ओळखीसाठी कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी मायक्रोचिप. माणसाचा हात लागला की आई पिल्लू घेत नाही, असं तिथे जो तो ठासून सांगत होता. ते खरं नाही, तपासून चिप बसवलेली पिल्लंसुद्धा माद्या घेऊन गेल्या आहेत. हातमोजे रोगराईसाठी असतात.

एका आजींनी मायेने वाटीभर गाईचं दूध आणलं होतं. ते त्यांना परत न्यायला लावणं सगळ्यात अवघड गेलं. गाईच्या दुधाने या पिल्लांना हगवण लागते आणि एवढ्याशा जिवाला ती पुरेशी असते. गार पडलेल्या पिल्लाला आधी ऊब द्यायची, फडक्यात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली शेजारी ठेवायची, कारण थंड पोटात दूध पचत नाही. आई यायला फार उशीर झाला तरच मांजराच्या पिल्लांची दूधभुकटी किंवा शेळीचं दूध, सुई काढलेल्या सिरिंजने, पिल्लू पालथं ठेवून. उताणं धरून पाजलं की दूध फुफ्फुसात जातं. शिवाय अगदी लहान पिल्लांना शी-शू स्वतःहून होत नाही. ते काम आईची जीभ करते, ती नसेल तर कोमट ओला कापूस.

अंधार पडायच्या आत पिल्लं त्याच सरीत, पाचट घातलेल्या प्लास्टिकच्या क्रेटमध्ये. क्रेट उथळ नको, पिल्लं चढून बाहेर पडतात. जड नको, मादीला पंजाने कलंडता यायला हवा. झाकण ठेवलंच तर अडकवायचं नाही. समोर हालचाल झाली की आपोआप टिपणारे दोन ट्रॅप कॅमेरे, एक गुडघ्याच्या उंचीवर, एक थोडा वर. मुकादमाने विचारलं, “वाघीण येईल का साहेब?”

“तुम्ही गेलात तर येईल,” वनरक्षक म्हणाले.

आणि लोक काही जाईनात! अर्धा तास गेला तो मोटारसायकली हटवण्यात. कोणाला फेसबुकवर लाईव्ह करायचं होतं, कोणी ड्रोन आणतो म्हणाला. ज्यांच्या फडात हे झालं ते शेतकरी मात्र शांत होते. त्यांनी आम्हाला वस्तीवर नेऊन पिठलं-भाकरी वाढली आणि ‘नको’ ऐकूनच घेतलं नाही. या भागातला पाहुणचार म्हणजे गळ्याशी येईपर्यंत खायचं, इलाज नसतो.

मादी आली. कॅमेऱ्यात दिसतं ते असं: आधी ती लांबून क्रेटला एक वळसा घालते, बसते, पुन्हा उठते. मग पंजा काठावर ठेवून क्रेट आडवा करते, मानेला धरून एक उचलते आणि निघून जाते. दुसरं तिथेच ओरडत राहतं. अनुभव नसलेला माणूस इथे घाबरून धावतो आणि सगळं बिघडवतो. ती दुसऱ्यासाठी परत येते, कधी तासाभराने, कधी पहाटे. पहिल्या रात्री आलीच नाही तर दिवसा पिल्लांची निगा राखून पुन्हा त्याच जागी क्रेट, असं दोन-तीन रात्री करावं लागतं.

सकाळी ‘पिंजरा लावा’ ही मागणी होतीच. जुन्नरच्या बाजूला 2001 नंतर बिबटे धरधरून दुसरीकडे सोडले गेले. माणसांवरचे हल्ले घटले नाहीत, सोडलेल्या ठिकाणी वाढले. रिकाम्या जागेत दुसरा येतो. सिन्नरला लागून असलेल्या अकोले तालुक्यात वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात 100 चौरस किलोमीटरला साधारण पाच प्रौढ बिबटे निघाले, तेही शेतात आणि वस्तीत, आणि त्यांचं मुख्य खाणं कुत्री. म्हणून पिंजऱ्यापेक्षा वस्तीवरची मेलेली कोंबडी उघड्यावर न टाकणं आणि शेळ्यांच्या गोठ्याला वरूनही जाळी मारणं जास्त कामाचं. बिबट्या भिंत चढून आढ्यातून उतरतो, नुसतं दार बंद करून भागत नाही. विहिरीला कठडा हवा. बिबट्या आत पडलाच तर खाट दोरांनी आडवी सोडायची म्हणजे त्याला टेकायला जागा मिळते, आणि 1926 या वनविभागाच्या क्रमांकावर फोन करून गर्दी लांब ठेवायची.

उरलेला ऊस नंतर एकाच बाजूने, नदीकडची कड मोकळी ठेवून तोडला. चारी बाजूंनी तोडत आणला की जनावर मधल्या तुकड्यात कोंडतं आणि कोयत्यासमोर येतं. तोडकऱ्यांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, फडापासून लांब हलवल्या, लेकरं आत झोपवायला सांगितली. खोडव्याच्या, म्हणजे तोडलेल्या बुंध्यांतून पुन्हा फुटणाऱ्या उसाच्या, पाण्याचं मात्र काय करायचं ते कोणालाच सांगता आलं नाही. थ्री फेज लाईट रात्रीची, म्हणजे मोटर चालू करायला शेतकरी त्याच बांधावरून रात्री जाणार. दोघांनी जा, मोबाईलवर गाणी मोठ्याने लावा, सरी फोडताना फार वेळ वाकून राहू नका, वाकलेला माणूस बिबट्याला चार पायांचं जनावर वाटतो, एवढं सांगून झालं. दिवसा लाईट द्या, हे सांगायला तिथे समोर कोणी नव्हतं.