बोर्ड सगळ्यांसाठी खुलं करायचंय? आधी परवान्याचं बघा

गिटहबवर, म्हणजे फाइली सगळ्यांसोबत वाटण्याच्या संकेतस्थळावर, आपल्या इलेक्ट्रॉनिक बोर्डाच्या सर्किटच्या फाइली टाकल्या म्हणजे ते ओपन हार्डवेअर (कुणीही वापरावं, बदलावं, विकावं असं) झालं, असं नाही. परवाना लिहिलेला नसेल तर सगळे हक्क मूळ कर्त्याकडेच राहतात. त्यात कुणी दुरुस्ती पाठवली, की त्या दुरुस्तीवर त्याचा हक्क. अशी दहा जणांची भर पडल्यावर परवाना बदलायचा म्हटलं तर दहाही जणांची संमती गोळा करत बसावं लागतं. म्हणून बाहेरची पहिली दुरुस्ती घेण्याआधीच हे काम उरकावं.

एकाच परवान्यावर सहसा भागत नाही. स्किमॅटिक (सर्किटची आकृती), पीसीबी (बोर्डाचा आराखडा) आणि डबीच्या ड्रॉइंगला हार्डवेअरचा परवाना लागतो, फर्मवेअरला (बोर्डावरच्या चिपमध्ये चालणाऱ्या प्रोग्रामला) जीपीएल किंवा एमआयटी हे सॉफ्टवेअरचे परवाने, माहितीपुस्तिकेला लेखन-चित्रांसाठीचा क्रिएटिव्ह कॉमन्स. प्रकल्पाचं नाव आणि लोगो यांत येत नाहीत, ते वेगळे राखून ठेवता येतात.

हार्डवेअरसाठी सर्न या युरोपीय संशोधन संस्थेचा ओएचएल, म्हणजे ओपन हार्डवेअर लायसन्स, हा परवाना घ्यावा. त्याची दुसरी आवृत्ती 2020 साली आली आणि तिचे तीन प्रकार आहेत. ‘पी’मध्ये हक्काच्या आणि परवान्याच्या मूळ नोंदी जपल्या की पुरे. ‘डब्ल्यू’मध्ये तुमच्या भागातले बदल खुले करावे लागतात, पण तो ज्या मोठ्या यंत्रात बसवला ते बंद राहू शकतं. ‘एस’ सर्वांत कडक: बदललेलं बोर्ड विकलं की संपूर्ण मूळ फाइली त्याच परवान्याखाली द्यायच्या. अनेक जण मिळून काम करणार असतील तर माझं मत ‘एस’ला. आपली मेहनत उद्या कुणी कुलूपबंद करणार नाही, ही खात्री असली की माणसं मनापासून हातभार लावतात.

‘विनाव्यापार’ अट असलेला क्रिएटिव्ह कॉमन्सचा ‘एनसी’ परवाना मात्र लावू नये. हेतू चांगला असतो, पण मग पन्नास बोर्डं जोडून विकणारा छोटा कारागीरही अडकतो. शिवाय ओपन सोर्स हार्डवेअरच्या व्याख्येत व्यापाराला बंदी बसतच नाही, त्यामुळे ओश्वा या ओपन सोर्स हार्डवेअरच्या संघटनेचं प्रमाणपत्रही मिळत नाही.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो लायब्ररीत, म्हणजे सुट्या भागांच्या तयार आकृत्यांच्या संग्रहात. किकॅड या सर्किट आखायच्या सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या लायब्ररीला क्रिएटिव्ह कॉमन्सचा सीसी बाय-एसए 4.0 परवाना आहे आणि तिच्यातले भाग वापरून केलेल्या डिझाइनला त्यात खास सूट दिलेली आहे, म्हणून ती निर्धास्त वापरावी. पण सुट्या भागांच्या संकेतस्थळांवरून उतरवलेल्या सिम्बॉल (आकृतीतलं भागाचं चिन्ह) आणि फूटप्रिंटवर (बोर्डावर तो भाग बसवायच्या जागेचा आराखडा) पुनर्वाटपाच्या अटी असू शकतात. किकॅड सिम्बॉलची प्रत स्किमॅटिकमध्ये आणि फूटप्रिंटची प्रत पीसीबी फाइलमध्ये साठवतं. म्हणजे लायब्ररीचा फोल्डर नाही टाकला तरी तो भाग तुमच्या फाइलीतून जगभर जातोच. शंका आली की डेटाशीटमधली (उत्पादकाच्या माहितीपत्रकातली) मापं बघून फूटप्रिंट स्वतः काढावा. साध्या ट्रान्झिस्टरला दहा मिनिटं पुरतात.

गर्बर (बोर्ड बनवायला कारखान्यात द्यायच्या) आणि एसटीएल (डबी थ्रीडी-छापायच्या) फाइली पुरेशा नाहीत, कारण त्यांत दुरुस्ती करणं म्हणजे छापील पानावरून मजकूर पुन्हा जुळवणं. किकॅडच्या मूळ फाइली, डबीची मूळ कॅड फाइल आणि उत्पादकाच्या पार्ट नंबरांसह सुट्या भागांची यादी हवीच.

परवान्यांचा पूर्ण मजकूर ‘लायसन्सेस’ फोल्डरमध्ये ठेवावा आणि फर्मवेअरच्या प्रत्येक फाइलीत वरच एसपीडीएक्सची, म्हणजे परवान्याचं नाव ठरावीक पद्धतीने सांगणारी, ओळ लिहावी. किकॅडच्या फाइलीत अशी ओळ हाताने घालू नये. तिच्याच नावापुढे ‘डॉट लायसन्स’ जोडून शेजारी छोटी फाइल करावी. मग परवान्याच्या नोंदी तपासणारी ‘रियूज लिंट’ ही आज्ञा चालवली की कुठली फाइल राहिली ते कळतं.

भर घालणाऱ्यांकडून प्रत्येक कमिटवर (नोंदवलेल्या बदलावर) ‘साइन्ड-ऑफ-बाय’, म्हणजे हे द्यायचा हक्क मला आहे अशी नावासह ग्वाही, घ्यावं. नोकरदारांना एक गोष्ट आवर्जून विचारा. 1957च्या आपल्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 17 प्रमाणे, वेगळा करार नसेल तर नोकरीच्या कामात तयार केलेल्या कृतीचा पहिला हक्क सहसा नोकरी देणाऱ्या कंपनीचाच असतो. डिझाइन कार्यालयाच्या कामातून निघालं असेल तर कंपनीची लेखी परवानगी आधी हवी.

शेवटी बोर्डाची सिल्कस्क्रीन, म्हणजे त्यावर छापलेला मजकूर. ‘एस’ परवान्यात बोर्ड ज्याच्या हाती जाईल त्याला मूळ फाइली कुठे मिळतील ते कळवावं लागतं, आणि ती जागा किमान तीन वर्षं टिकेल अशी हवी. तो पत्ता, परवान्याचं नाव आणि आवृत्ती क्रमांक छापावा. अक्षरं 1 मिमी उंच आणि रेघ 0.15 मिमी ठेवली तर नीट उमटतात. त्याच आवृत्तीचा टॅग (खुणेचं नाव) रिपॉझिटरीत, म्हणजे गिटहबवरच्या प्रकल्पाच्या साठ्यात, आहे ना, हे ऑर्डर देण्याआधी तपासा.